कुत्र्याला ट्रेडमिल शिकवताय? आधी मशीन बंद ठेवा

पावसाळ्यात लॅब्रॅडॉरला फ्लॅटमध्ये कोंडण्यापेक्षा ट्रेडमिल बरी, कल्पना चांगलीच आहे. पण पहिल्याच दिवशी मशीनचा पट्टा सुरू करू नका. बहुतेकांचं तिथेच बिघडतं. कुत्रा एकदा दचकला की पुढे कितीतरी दिवस मशीनकडे फिरकत नाही.

सुरुवातीला बंद मशीनवर नुसतं चढणं-उतरणं, आणि प्रत्येक वेळी खाऊ. मग तो लांब उभा असताना मशीन रिकामं चालवून आवाजाची सवय लावा. तो बिनधास्त झाला की सगळ्यात कमी वेग, दोन-तीन मिनिटं, बस्स. खाऊ समोरून द्या. बाजूने दिलात तर तो मान वळवतो आणि पाय घसरतो.

हे मात्र अजिबात नको:

- साखळी मशीनला बांधणं. घसरला तर गळ्याला फास बसेल. गळपट्ट्याऐवजी हार्नेस घाला, दोरी तुमच्या हातात.
- 'एक मिनिटात येतो' म्हणून त्याला पट्ट्यावर सोडून जाणं.
- जेवल्या जेवल्या चालवणं.

वय दीड वर्षाच्या आत असेल तर हाडं अजून वाढत असतात. पशुवैद्यांना विचारूनच सुरू करा. माणसांच्या मशीनवर लॅब्रॅडॉर चालू शकतो, पण धावायला पट्टा आखूड पडतो, तो हट्ट नको. धाप जोरात लागली, मागे सरकायला लागला, की लगेच थांबवा. आणि हुंगत फिरण्याची मजा मशीनवर नाही, पाऊस उघडला की खाली न्याच. चढ देणं आणि वेग वाढवणं, ते नंतरचं.