आजीच्या हिऱ्याच्या कुड्यांना नवे पैलू पाडून घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की आजीकडून आलेल्या सात-सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत, हिरे मेल्यासारखे दिसतात, आणि सराफ म्हणतात, "कटिंग जुनं आहे, सुरतेला पाठवून नवे पैलू पाडून घेऊ." तर घ्यावेत का?

नका घेऊ. मी पुण्यात अठरा वर्षं रत्नपरीक्षणाचं काम करते. दर लग्नसराईत अशा दोन-चार तरी कुड्या माझ्या टेबलावर येतात, आणि बहुतेकींत हिऱ्याचा काही दोष नसतो.

आधी कुडी उलटी करून बघा. मागे सोन्याचा पत्रा असेल आणि हिऱ्याची खालची बाजू दिसत नसेल, तर ते बंद कोंदण. त्यात हिऱ्याखाली डांक घातलेला असतो, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा. डोक्यावरून अंघोळ करताना वर्षानुवर्षं पाणी आत झिरपतं आणि डांक काळा पडतो. मेलेला असतो तो डांक, हिरा नव्हे. अशी कुडी चुकूनही पाण्यात बुडवू नका, नवा डांक घालणारा जुना कारागीर शोधा. मागून उघडी असेल तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश पुरे. हिऱ्याला तेलकटाची फार ओढ असते. खाणींत पूर्वी ग्रीस लावलेल्या पाटांवरून खडी वाहू देत, दगड निघून जात आणि हिरे चिकटून राहत. आजीच्या केसांचं खोबरेल पन्नास वर्षं त्या हिऱ्यांमागे बसलंय असं समजा.

आता "जुनं कटिंग" म्हणजे काय ते सांगते. वाईट कटिंग असा त्याचा अर्थ नाही.

हिरा हिऱ्यानेच घासतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण सगळेच हिरे सारखे कठीण, तर एक दुसऱ्याला घासेल कसा? लाकडाला जशी रेष असते तशी हिऱ्यालाही असते, आणि सगळ्या दिशांनी तो सारखा कठीण नसतो. लोखंडी चाकावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी असते. तिचे कण हवे तसे पडलेले, म्हणजे काही कणांची सगळ्यात कठीण बाजू नेहमीच वर असते. कारागीर आपल्या हिऱ्याची नरम दिशा शोधून ती चाकाला लावतो. सुरतेत मी एका घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या अशा चाकापाशी, अर्धा दिवस बसले होते. तिथला माणूस दर काही सेकंदांनी पकड उचलायचा, भिंगातून बघायचा, केसभर फिरवून परत टेकवायचा. दिशा चुकली की चाकाचा आवाज बदलतो आणि हिरा काही केल्या झिजत नाही. त्याला बघायच्या आधी ऐकूनच कळायचं.

आपल्याकडचे जुने कारागीर वजन राखायला बघत. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहिलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की दगड स्वच्छ असेल तर इथले लोक त्याला चाकाचा नुसता स्पर्श करतात, आणि डाग असेल तर तो झाकायला सगळीकडे पैलू पाडतात. पुढे युरोपात उंच माथ्याचे, खालचं टोक छाटलेले पैलू आले. भिंगातून वरून पाहिलं की मध्यभागी बारीक गोल खिडकी दिसते, ते हेच छाटलेलं टोक. तिथून थोडा प्रकाश खाली निसटतो. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीने प्रकाशाचं गणित मांडून वरचे-खालचे कोन ठरवले. आजचा ५७-५८ पैलूंचा गोल हिरा साधारण त्याच वाटेने आला. दुकानातल्या दिव्यांखाली तो जिंकणारच.

पण तुमच्या कुड्या त्या दिव्यांसाठी घडलेल्याच नाहीत. संध्याकाळी ट्यूब बंद करा, देवापुढची समई लावा आणि कुडी हळूहळू फिरवा. नव्या हिऱ्यात बारीक चकाकीचा सडा पडतो. जुन्यात मोठाले, संथ तुकडे उजळतात. लाल, मग हिरवा, मग एकदम पांढरा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं काम तसंच राहिलं होतं.

आणि नवे पैलू म्हणजे वजन गेलंच. सुरुवातीच्या काळात मी एका ताईंच्या अंगठीचा हिरा पुन्हा घासायला पाठवला. गेला तेव्हा १.१० कॅरट होता, आला तेव्हा ०.८२. झळाळी आली, पण एक कॅरटाच्या खाली गेल्याने दर कॅरटमागचा भावही उतरला. शिवाय अंगठीच्या जुन्या कोंदणात तो बसेना, अंगठीच नवी करावी लागली. तो सल्ला माझा होता, आणि तो चुकीचा होता. तुमचे तर चौदा हिरे आहेत. सगळे कमी-जास्त लहान होतील आणि एकही आपल्या कोंदणात बसणार नाही. मग आजीची म्हणावी अशी कुडी उरतेच कुठे?

नाशिकचा हिरा आठवा. त्र्यंबकेश्वरच्या महादेवाचा म्हणून ओळखला जाणारा, १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेलेला. सुमारे ८९ कॅरटांचा तो हिरा लंडनला घासला गेला, १९४० नंतर हॅरी विन्स्टनने पुन्हा घासला, आणि आज ४३.३८ कॅरट उरलाय. कोहिनूरचंही तेच झालं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोक म्हणाले, चमकत नाही. पुढच्या वर्षी ३८ दिवस घासून जुन्या मापातल्या १८६ कॅरटांचा १०५.६ केला. आपल्या कारागिरांनी त्याला दिलेला आकार आता फक्त चित्रांत आणि साच्यांत बघायला मिळतो.

घासायला द्यावं असं एकच कारण मला पटतं: हिऱ्याच्या कडेचा टवका उडाला असेल आणि तो साडीत, केसात अडकून वाढत असेल तर. तिथेही तेवढी कडच साफ करून मागा.

दुरुस्तीला देताना एवढं करा. तुमच्या सराफांशी संबंध नसलेल्या परीक्षकाकडून आधी सगळे हिरे तपासून घ्या, कारण बंद कोंदणात कधी कधी एखादा खडा पूर्वीच बदललेला निघतो. दोन्ही कुड्यांचे पुढून-मागून जवळून फोटो काढा. वजन तुमच्यासमोर करून पावतीवर लिहून घ्या, आणि त्याच पावतीवर "हिरे घासायचे नाहीत" हेही लिहायला सांगा.