पोकलेन थांबलं तर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

जर्मनीतली नोकरी पक्की झाली आणि पहिलीच साइट पश्चिम जर्मनीतल्या रूर या औद्योगिक भागात, हे वाचून फार आनंद झाला. पायाच्या कामात तिथे वेगळं काय असतं, असं तू विचारलंस. माती, तिथली मानकं, यंत्रं हे सगळं तू दोन-तीन महिन्यांत शिकशील. मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. त्या मातीत दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब आहेत, आणि तू रोज सकाळी त्याच मातीत बोअर मारणार आहेस.

आधी थोडा हिशेब. १९४० ते १९४५ या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी युरोपवर सुमारे २७ लाख टन बॉम्ब टाकले, त्यातले जवळजवळ निम्मे जर्मनीवर. दहातला एक फुटला नाही, असा ढोबळ अंदाज धरतात. आजही तिथे दरवर्षी सुमारे २,००० टन जुना दारूगोळा जमिनीतून निघतो. रूरमध्ये पोलादाचे कारखाने, कोळशाच्या खाणी आणि रेल्वेची जाळी होती, त्यामुळे त्या भागाने सर्वांत जास्त मार खाल्ला. तिथे गेल्यावर तुझ्या लक्षात येईल की बॉम्ब सापडल्याची बातमी आली तरी कुणी दचकत नाही. लोक पिशवी उचलतात, मांजर टोपलीत घालतात आणि नातेवाइकांकडे जातात. महिन्याभरात तुलाही त्याची सवय होईल. मला त्या सवयीचीच काळजी वाटते.

अशा बॉम्बला जर्मन लोक ‘ब्लिंडगेंगर’ म्हणतात, म्हणजे आंधळेपणी चालणारा. आपण मराठीत सहज ‘फुसका’ म्हणतो. हा शब्द साइटवर डोक्यातून काढून टाक. फुसका म्हणजे ज्याच्यात दम नाही असा. या बॉम्बमधला टीएनटी, म्हणजे स्फोटक, ऐंशी वर्षांत मऊ पडलेला नाही. कवच गंजतं, बॉम्ब पेटवणाऱ्या यंत्रणेतले, म्हणजे फ्यूजमधले भाग झिजतात, म्हणजे ज्याने आजवर त्याला रोखून धरलं तेच कमकुवत होत जातं.

हे नीट समजावं म्हणून ओरानिएनबुर्गचं उदाहरण देतो. बर्लिनच्या उत्तरेला असलेलं हे छोटं शहर. तिथल्या आउअर कंपनीच्या कारखान्यात युरेनियमवर प्रक्रिया होत होती आणि तो कारखाना सोव्हिएत फौजांच्या हाती पडू नये, अशी अमेरिकेची इच्छा होती. १५ मार्च १९४५ रोजी सहाशेहून अधिक अमेरिकी बी-१७ बॉम्बफेकी विमानांनी तिथे हल्ला केला. त्या दिवशीच्या बहुतेक बॉम्बना उशिरा फुटणारे रासायनिक फ्यूज होते. असा फ्यूज बॉम्बच्या शेपटीकडे असतो. बॉम्ब सुटला की मागचा छोटा पंखा वाऱ्याने फिरतो, स्क्रू आत सरकतो आणि ॲसिटोनची काचेची कुपी फोडतो. ॲसिटोन खाली सेल्युलॉइडच्या चकत्यांवर झिरपतं. चकत्या विरघळल्या की त्यांनी अडवून धरलेली, स्प्रिंगने ताणलेली पिन सुटते आणि स्फोट होतो. हे काही तासांत व्हावं किंवा काही दिवसांत, ते चकत्यांच्या जाडीवर ठरवता येत असे. आग विझवणारे आणि रूळ दुरुस्त करणारे लोक कामाला लागले की मग फुटावं, हा त्यामागचा हेतू. किती थंड डोक्याने योजलेली गोष्ट आहे ही!

आता तुझ्या विषयाकडे ये. ओरानिएनबुर्गची वरची जमीन मऊ, वाळूची आणि खाली खड्यांचा कठीण थर. कित्येक बॉम्ब वाळूतून आत शिरले, त्या थरावर आपटून उलटे वळले आणि तोंड वर करून थांबले. शेपूट खाली गेली, ॲसिटोन शेपटीकडे उतरलं, चकत्यांपर्यंत पोचली ती फक्त त्याची वाफ. काम अर्ध्यावर राहिलं, पण संपलं नाही. सेल्युलॉइड स्वतःच काळाबरोबर ठिसूळ होत जातं. म्हणजे १९४५ साली काही दिवसांचं लावलेलं घड्याळ अजून चालूच आहे, आणि ते कुठवर आलंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही. एका शहराच्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते मातीच्या थरांनी ठरवावं, याचं मला आजही नवल वाटतं. भूगर्भाचा अहवाल वाचताना ही गोष्ट आठवत जा.

हे फक्त जर्मनीत आहे असंही नाही. जपानमध्ये मियाझाकी विमानतळावर २ ऑक्टोबर २०२४ रोजी टॅक्सीवेच्या कडेला ५०० पौंडांचा अमेरिकी बॉम्ब फुटला. कुणी खणत नव्हतं, कुणी हात लावला नव्हता. मोठा खड्डा पडला, ऐंशीहून अधिक उड्डाणं रद्द झाली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

आता कागदाबद्दल. काम सुरू होण्यापूर्वी तुझ्या हातात एक अहवाल येईल: जागा तपासली, संशयास्पद काही नाही. त्याची सुरुवात जुन्या हवाई छायाचित्रांपासून होते. हल्ल्यानंतर किती नुकसान झालं ते पाहायला दोस्त राष्ट्रांची विमानं फोटो काढून जात. असे लाखो फोटो आज एडिनबरोच्या संग्रहात आहेत. जाणकार माणूस त्यात मोठ्या खड्ड्यांच्या गर्दीतून एक बारीक काळा ठिपका शोधतो. न फुटलेला बॉम्ब जिथून आत गेला ते भोक. पण घर कोसळून त्यावर ढिगारा पडला असेल, झाडाची सावली असेल, किंवा शेवटचा फोटो शेवटच्या हल्ल्याच्या आधीचा असेल, तर तो ठिपका दिसणारच नाही. ‘फोटोत दिसलं नाही’ आणि ‘जमिनीत नाही’ यांत फार अंतर आहे. शिवाय बॉम्ब भोकाच्या बरोबर खाली नसतो. तो तिरका शिरतो, जमिनीत वळतो आणि काही मीटर बाजूला जाऊन थांबतो.

म्हणून जिथे शंका असते तिथे साधारण दीड-दीड मीटरवर बोअर घेतात, त्यात प्लॅस्टिकचे पाइप सोडतात आणि आतून मॅग्नेटोमीटर फिरवतात. हे उपकरण लोखंड ओळखतं, बॉम्ब नव्हे. तुझ्या रूरमध्ये तर भरावाच्या मातीत पोलाद कारखान्यांची मळी, जुन्या सळया, पाइप सगळं खच्चून भरलेलं. तिथे आलेख वाचणाऱ्या माणसाशी बसून बोल. त्याला कुठे खात्री नव्हती ते विचार. अहवालात ते एका ओळीत असतं. तो तोंडाने सांगतो तेव्हा पाच मिनिटं लागतात.

आणि एक अगदी आपल्या कामातली गोष्ट, जी मी अनेकदा चुकताना पाहिली. अहवाल ‘अमुक पातळीपासून अमुक खोलीपर्यंत’ असा असतो. नंतर डिझाइन बदलतं, पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत उतरवलेला खांब, दोन मीटरने खोल जाते, आणि कागद मात्र तोच राहतो. किंवा खड्ड्याची माती रोखणाऱ्या शीट पाइलच्या भिंतीला, ती ओढून धरायला, तिरके अँकर मारायचे ठरतात आणि ते थेट शेजारच्या प्लॉटखाली जातात, जिथे कुणी तपासलेलंच नाही. म्युनिकमध्ये १ डिसेंबर २०२१ रोजी रेल्वेच्या नव्या मार्गासाठी बोअर घेताना २५० किलोंचा बॉम्ब फुटला, चार जण जखमी झाले. त्यांची चूक नेमकी हीच होती असं मी म्हणत नाही. पण खोदण्याआधी जागा तपासण्याची पद्धत असलेल्या देशात, रुळांच्या शेजारी हे घडलं, एवढं लक्षात ठेव.

आता माझं सांगतो. हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

जर्मनीत मला कामाला लागून दीड वर्ष झालं होतं. पाया खणायचा होता, अहवाल स्वच्छ होता. पोकलेनचा चालक पन्नाशीचा, शांत माणूस. एका सकाळी बकेट कशाला तरी घासली आणि त्याने यंत्र बंद केलं. बकेट होती तिथेच ठेवली, खाली उतरला आणि म्हणाला, “आवाज वेगळा आला.” पोलीस आले, राज्याचं बॉम्ब निकामी करणारं पथक आलं, साइट रिकामी झाली. पुढचे दोन दिवस सगळं ठप्प. शेवटी निघाली ती पाणी तापवायची जुनी लोखंडी टाकी. त्या दोन दिवसांच्या खर्चावरून वरिष्ठांनी मला सुनावलं, आणि मी ते त्या चालकावर काढलं. सगळ्यांसमोर म्हणालो, “तीस वर्षं यंत्र चालवतोस आणि टाकी ओळखता येत नाही?” तो काही बोलला नाही.

सहा-सात महिन्यांनी, दुसऱ्या साइटवर, तोच चालक. मी चाळीस-पन्नास पावलांवर उभा होतो. बकेट थबकली. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एखादा सेकंद असेल, दोन असतील. मग यंत्र बंद केलं. या वेळी ती टाकी नव्हती. २५० किलोंचा बॉम्ब होता, फ्यूजसकट.

तो निकामी झाला, कुणाला काही झालं नाही. पण ते दोन सेकंद माझ्या डोक्यातून जात नाहीत. पहिल्या वेळी त्याने कुणाकडेही पाहिलं नव्हतं, सरळ थांबला होता. दुसऱ्या वेळी त्याने आधी माझा चेहरा पाहिला. तो सेकंद मी त्याच्या हातात घातला होता. मी माफी मागितली, त्याने खांद्यावर हात ठेवला. पण तेवढ्याने ती गोष्ट मिटत नाही.

म्हणून तुला मनापासून सांगतो. टाकी निघेल, गटाराचा पाइप निघेल, जुनी शेगडी निघेल. बहुतेक वेळा असलंच काहीतरी निघेल. त्या दिवशी तू थांबवणाऱ्या माणसाशी कशी बोलतेस, त्यावर पुढच्या वेळी तो थांबणार की नाही हे ठरतं. त्याच्याजवळ जाऊन सगळ्यांच्या देखत आभार मान. वाया गेलेल्या तासांचा जाब वरून येईल तेव्हा तो तुझ्या नावावर घे. नवीन माणसाला हे जड जातं, मला ठाऊक आहे. जर्मन भाषा अजून अडखळत असते, करार कच्चा असतो, आणि ‘ही उगाच काम थांबवते’ असं नाव पडायची भीती असते. तरीही घे.

काही सापडलंच तर करायचं फार थोडं असतं. यंत्र आहे तसं बंद. बकेट उचलायची नाही, खाली टेकवायचीही नाही. माती बाजूला करून ‘नक्की काय आहे’ ते पाहायचं नाही, जवळ जाऊन फोटो नाहीत, परत माती लोटून झाकायचं नाही. सगळ्यांना लांब ने, पोलिसांना फोन कर, आणि मग कुणालाही, अगदी मालकालाही, परत आत जाऊ देऊ नकोस. पुढचं काम तज्ज्ञांचं. त्यांचंही आयुष्य किती अधांतरी असतं पाहा: १ जून २०१० रोजी ग्योटिंगेनमध्ये अशाच रासायनिक फ्यूजचा बॉम्ब निकामी करायची तयारी चालू असताना फुटला आणि पथकातले तिघे गेले. बॉम्ब सात मीटर खोल सापडला होता आणि निकामी करायचं काम अजून सुरूही झालं नव्हतं. वर्षानुवर्षं हेच करणारी माणसं होती ती.

लोकांना हलवण्याबद्दल थोडंच लिहितो. फ्रँकफर्टमध्ये ३ सप्टेंबर २०१७ रोजी ‘ब्लॉकबस्टर’ म्हणतात त्या प्रचंड ब्रिटिश बॉम्बसाठी साठ हजारांहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली, त्यात रुग्णालयं होती, अपुऱ्या दिवसांची बाळं होती. कोब्लेंझमध्ये २०११ च्या डिसेंबरात ऱ्हाइनचं पाणी आटल्यावर १.८ टनांचा बॉम्ब उघडा पडला, ४५,००० लोक हलवले. आमच्या त्या दुसऱ्या साइटच्या वेळी मी शाळेच्या व्यायामशाळेत लोकांबरोबर बसलो होतो. शेजारी एक आजीबाई होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. मांडीवर छोटी बॅग. त्यांनी विचारलं, “तुमच्याच खड्ड्यात निघाला का?” मी हो म्हणालो. “तो पडला तेव्हा मी सहा वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “आम्ही तळघरात होतो. आईने आवाज मोजले होते. एक कमी भरला म्हणून ती कितीतरी दिवस मला त्या बाजूला खेळायला जाऊ देत नव्हती.”

एक कमी भरला! कोणत्याही छायाचित्रात न दिसणारी नोंद त्या बाईच्या आईने अंधारात बसून ठेवली होती. तेव्हापासून नव्या साइटवर गेलो की मी आजूबाजूच्या म्हाताऱ्या माणसांकडे चहाला बसायला लागलो. आता ती पिढी फार थोडी उरली आहे. शेजारच्या इमारतीत कुणी नव्वदीचं भेटलं, तर अवश्य भेट.

बाकी थंडीचे कपडे तिथेच घे, इथून ओझं नेऊ नकोस. पहिल्या आठवड्यात वेळ मिळेल तेव्हा उत्तर लिही. त्यात मला तीन गोष्टी हव्यात: शेवटचा हवाई फोटो कोणत्या तारखेचा, जमीन कोणत्या पातळीपासून किती मीटरपर्यंत तपासली आहे, आणि तुमची सर्वांत खोल पाइल किती जाणार आहे. तुझ्या पोकलेनच्या चालकाचं नावही कळव.

सस्नेह,
तुझे सर