थेंब का तरंगला?

प्रश्न : ताई, गणपती मंडळाच्या शिबिरात रक्त द्यायला गेले होते. बोट टोचून थेंब निळ्या पाण्यात टाकला आणि ‘जमणार नाही’ म्हणून परत पाठवलं. वय १९, वजन ४७ किलो. वजनामुळेच ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही गं, वजनाचं काही अडलं नाही. ४५ किलो पुरतं. तुझं ३५० मिलिलिटर घेतलं असतं. ४५० घ्यायचं तर वजन ५५ च्या वर लागतं. वयाची सुरुवात १८ पासूनच. अडला तो थेंब.

ते निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त असेल तर थेंब सरळ तळाला जातो. कमी असेल तर मध्येच घुटमळतो, नाहीतर वर येतो. रक्तपेढीच्या नोकरीत मी हे रोज बघितलं, आणि परत जाणाऱ्यांत पोरीच जास्त. (उपाशी आलेल्यांना मी आधी पोहे खायला पिटाळायचे, ते वेगळं.)

पुढच्या शिबिराची वाट बघत बसू नकोस. डॉक्टरांना दाखव, सीबीसी (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) करून घे, पाळीत अंगावरून जास्त जातं का तेही सांग. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहाबरोबर घेऊ नकोस. आणि हो, टॅटूचा बेत असेल तर त्यानंतर वर्षभर रक्त देता येत नाही.