गावच्या चावडीवरील पहिल्या महायुद्धाच्या फलकावर फक्त आकडा आहे, नावे नाहीत. त्या सैनिकांचे स्मारक कसे करावे?

आपण लिहिले आहे की, गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फलक बसवलेला आहे, त्यावर ‘या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ एवढाच मजकूर कोरलेला आहे, आणि ग्रामपंचायत आता तेथे नवे स्मारक बांधण्याच्या विचारात आहे. माझे मत असे आहे की बांधकामाचा ठराव करण्यापूर्वी नावे शोधावीत. आमच्या कोकणातल्या गावासाठी मी याच कामात होतो, म्हणून हे आग्रहाने सांगतो. चौथरा आणि ध्वजस्तंभ केव्हाही उभे राहतील, परंतु ज्यांना मृत सैनिकांची नावे घरात ऐकलेली आठवतात अशी माणसे गावात फार दिवस असणार नाहीत.

असे फलक ब्रिटिश सरकारने युद्धानंतर देशभरातल्या गावांतून लावले होते. आपल्याकडील बहुतेक मृतांचा माग काढत गेल्यास तो मेसोपोटेमियापर्यंत, म्हणजे आजच्या इराकपर्यंत जातो. १९१४ च्या अखेरीस तेथे उतरलेली सहावी डिव्हिजन पुण्याची होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. या तिन्ही पलटणी पुढे तैग्रिस नदीकाठच्या कुट या गावाला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात अडकल्या. अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली आणि त्यानंतर कैदेतल्या पायपिटीत, उपासमारीत आणि रोगराईत असंख्य शिपाई गेले. त्यामुळे घरोघरी चौकशी करताना ‘लढाईत पडले का?’ असे विचारू नका. ‘पलटणीत गेले आणि परत आले नाहीत असे कोणी तुमच्या घरात होते का?’ असे विचारा. पटकीने किंवा कैदेत मेलेला माणूसही त्या फलकावरच्या आकड्यात धरलेला असू शकतो.

इराकमध्ये मरण पावलेल्यांपैकी ज्यांची कबर किंवा अंत्यसंस्काराचे ठिकाण ठाऊक नाही, अशा ४०,००० हून अधिक जणांचे स्मरण बसरा येथील स्मारकावर केलेले आहे. तेथे ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली गेली. म्हणजे आपल्या गावच्या माणसाचा बसऱ्यालाही आकडा झाला आणि चावडीवरही. या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्याच समितीने २०२१ साली असे नमूद केले की, निदान १,१६,००० मृतांचे नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, आणि त्यामागे त्या काळातील वंशभेदाची दृष्टी होती. हे वाचून मला संताप आला आणि आजही येतो, कारण नावे कोणालाच ठाऊक नव्हती असे नाही. पलटणींकडे याद्या होत्या, आणि युद्धानंतर मृतांच्या कुटुंबांना पाठवलेल्या काशाच्या चकतीवर प्रत्येकाचे नाव उठावात ओतलेले होते. आमच्या गावात एका घरी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात अशी चकती मी हातात घेऊन पाहिली आहे. ती तळहाताहून थोडी मोठी आणि चांगलीच जड आहे, त्रिशूळधारी स्त्री आणि सिंह यांच्या बाजूला लहानशा चौकटीत नाव आहे, आणि सगळे मृत सारखे मानावेत म्हणून हुद्दा मुद्दाम घातलेला नाही. आपल्या गावातही जुन्या पेट्या आणि माळे शोधायला सांगा. असे एक नाव मिळाले की पुढचा शोध सोपा होतो.

याच कमिशनच्या संकेतस्थळावर आज शिपायांच्या नोंदी शोधता येतात. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, मात्र तो मजकूर कारकुनाने कानाला ऐकू आले तसा इंग्रजीत लिहिलेला आहे. म्हणून गावाचे नाव एकाच स्पेलिंगने शोधून थांबू नये. आधी पलटण निवडावी, मग जिल्हा पाहावा आणि यादी ओळीओळीने वाचावी. जिल्हे जुने धरावेत. आजचा रायगड तेव्हा कुलाबा होता आणि आजच्या सिंधुदुर्गातली गावे रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात होती. मिळालेले नाव गावच्या दप्तराशी ताडून पाहणे आवश्यक आहे. परदेशातला मृत्यू गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत सहसा सापडत नाही, परंतु मृताच्या नावावर जमीन असेल तर वारस नोंद फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये, मिळू शकते. त्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा.

एका बाबतीत विशेष जपा. फक्त गावठाणातल्या मोठ्या घरांत विचारणा झाली तर यादी अपुरी राहील आणि अन्याय दुसऱ्यांदा होईल. महारांची १११ क्रमांकाची पलटण १९१७ मध्ये उभारली गेली आणि युद्धानंतर लवकरच मोडली गेली. खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी आणि मजूर म्हणून गेलेले लोक तर कोणाच्या बोलण्यातही येत नाहीत. किनाऱ्यालगतच्या गावांत मुसलमान मोहल्ल्यांतून जहाजांवर गेलेल्या खलाशांचीही चौकशी करावी, कारण मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात बुडालेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक आहे. प्रत्येक वाडीतून एक माणूस यादीच्या कामात घ्या.

दुसऱ्या महायुद्धातल्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या मृतांनाही याच स्मारकात जागा द्यावी. माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचे नाव इटलीतल्या कॅसिनो या गावच्या युद्धस्मारकावर आहे. पदक मिळाले म्हणून त्यांचे नाव राहिले, पण त्यांच्या पलटणीतल्या बाकीच्या मृतांची त्यांच्या स्वतःच्या गावांना कितपत ओळख आहे? १९४७ नंतरच्या शहिदांची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडून मागवता येईल, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावरील नावांशी ती पडताळून घेता येईल.

जुना फलक मात्र काढू नका आणि त्यावर ऑइलपेंट लावू नका. मऊ कापडाने साध्या पाण्याने पुसून तो आहे तेथेच राहू द्या आणि नावांचा दगड त्याच्या शेजारी बसवा. नावे देवनागरीत, आडनाव आणि वडिलांच्या नावासह कोरावीत, पुढे पलटण, मृत्यूचे वर्ष आणि ठिकाण द्यावे; क्रम हुद्द्याचा न ठेवता वर्षाचा ठेवावा. उद्घाटकाचे नाव या दगडावर नसावे. आकडा बारा असेल आणि नावे सातच मिळाली, तर सात कोरून पाच ओळी रिकाम्या सोडाव्यात, म्हणजे पुढे कोणाच्या माळ्यावर एखादी चकती किंवा पत्र सापडल्यास त्या ओळी भरता येतील.