भागिले, भागाकार आणि ताटातला भात

प्रश्न असा आलाय की मुलीच्या ऑनलाइन क्लासचे सर सर्रास 'वीस भागाकार चार' म्हणतात, आम्ही तर 'वीस भागिले चार' म्हणायचो, मग बरोबर काय? आणि भागाकार म्हणजे ती क्रिया की तिचं उत्तर, आणि उत्तराला हिंदीसारखं 'भागफल' का म्हणू नये?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: भागिले. 'वीस भागाकार चार' ऐकलं की मला भात खाताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. 'पाच बेरीज तीन' म्हणतं का कोणी? 'पाच वजाबाकी तीन'? नाही ना, अधिक आणि वजाच म्हणतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार ही कामांची नावं, आणि अधिक, वजा, गुणिले, भागिले हे चिन्ह वाचायचे शब्द. विषय संपला.

बरं, भागिले हे रूप किती गोड आहे बघा. आज आपण 'भागले' म्हणू, पण बोलिले, देखिले, मांडिले ही जी जुन्या मराठीतली इकारवाली रूपं संतांच्या ओव्यांमधे पानोपानी दिसतात त्याच घराण्यातलं हे. 'चारने भागिले वीस' एवढंच ते म्हणणं, त्यातला 'ने' गळला आणि क्रम फिरला. म्हणजे तिसरीतलं पोर रोज वर्गात सातशे वर्षांमागची मराठी बोलतंय आणि सर ती बंद पाडायला निघालेत.

भागाकार क्रियेलाही म्हणतात आणि उत्तरालाही, त्यात बिघडलं काही नाही. 'बेरीज कर' आणि 'बेरीज किती आली' दोन्ही म्हणतोच की. भागफल हिंदीत छान आहे, तिथेच राहू दे.

आता खरी गंमत. हा भागाकारातला 'आकार' कुठला? शिक्षकमंडळींत एक व्युत्पत्ती फिरते, 'भागांना दिलेला आकार तो भागाकार', आणि फळ्यावर वर्तुळ काढून त्याचे चार तुकडे दाखवले की पोरांना पटतेही. मला अजिबात पटत नाही. मग गुणाकार म्हणजे काय, गुणांना दिलेला आकार? गुण कसले, परीक्षेतले?

माझं म्हणणं असं की हा मूळचा भागहार. संस्कृत गणितात भागायच्या क्रियेचं हे नेहमीचं नाव, भास्कराचार्यांच्या लीलावतीत (साधारण ११५० सालची) भागायचा नियम याच नावाने आहे. हर म्हणजे नेणारा, काढून घेणारा, मनोहरमधला हर तोच. ज्याने भागायचं तो हर. आपण अपूर्णांकात अंश आणि छेद म्हणतो पण हिंदीवाले अजून अंश आणि हर म्हणतात, तो हाच. आणि ज्याने गुणायचं त्याला संस्कृतात गुणकार म्हणायचे, त्याचा आपल्याकडे गुणाकार झाला. एकाच दमात घोकायची जोडी ही, गुणाकार-भागहार, गुणाकार-भागहार, आठवडाभर घोकून बघा जिभेला काय वळण लागतं ते! भागाकारच होणार. शेजाऱ्याचं बघून शब्द बदलतात, आकड्यांत तर हमखास. एक आणि दश मिळून सरळ एकदश व्हायला हवं होतं, पण पलीकडे द्वादश बसलेला, त्याचं बघून याचाही एकादश झाला.

यावर एका जाणकारांनी मला सुनावलं होतं की भागहारमधला ह गळला तर 'भागार' होईल, हा क कुठून आणला? अहो तेच तर सांगतेय, क गुणाकारातून आला! अर्ध वाक्य वाचून खोडून काढायची घाई असते लोकांना. सरळ 'भाग करणारा तो भागकार' असंही मानणारे आहेत, ते निदान ऐकून घेण्यासारखं आहे. आकारवाल्यांचं नाही.

आणि नेणं, हरणं मराठीच्या बोलण्यात अजून शाबूत आहे. 'पाचातून दोन गेले' म्हणतो आणि 'सातने भाग जातो का' असंही विचारतो, दोन्हीकडे जाणंच. उरतं ती दोन्हीकडे बाकी. हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने आला, वजाही तसाच, दोघं मिळून वजाबाकी. खाली अंक उतरवत उतरवत मोठा भागाकार करताना पायरीपायरीला आपण वजाबाकीच करत असतो.

माझ्या भाच्याला मी हे लाडवांवर दाखवलं होतं. डब्यात २३ लाडू, आम्ही चौघं. प्रत्येक फेरीत चौघांना एकेक असे चार लाडू डब्यातून जायचे, पाच फेऱ्या झाल्या, तीन उरले. हे 'चौघांत' वाटणं. मग सगळे परत डब्यात टाकून 'चार-चार' वाटायला सांगितले, म्हणजे एका माणसाला चार, दुसऱ्याला चार असं. आताही पाच आले आणि तीन उरले. तर म्हणतो कसा, मावशी, मघाशी पाच लाडू होते, आता पाच माणसं आहेत! हे त्याला एकदा दिसलं आणि भाज्य बरोबर भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी हे पाठ करायची वेळच आली नाही, २३ बरोबर चार पाचे वीस आणि तीन, झालं. (ते तीन मीच खाल्ले.)

लाडवांवरून भातावर येते, त्यासाठीच तर लिहायला बसले होते. भाग, भाज्य, भाजक, विभागणी सगळं भज् या धातूचं, त्याचा मूळ अर्थ वाटून देणं, वाटा घेणं. वाट्याला आलेलं ते भाग्य. त्याचंच भक्त हे रूप. देवाचा भक्त सगळ्यांना माहितीये, पण संस्कृत गणितात 'चारने भक्त' म्हणजे चारने भागलेलं, आणि स्वयंपाकघरात भक्त म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, शिजलेला तांदूळ. त्या भक्ताचा प्राकृतात भत्त झाला आणि मराठीत भात! वरण घालून आपण रोज एक भागाकार जेवतो, आणि भत्ताही याच घरातला. थकलाभागलामधला भागला मात्र परका, तो भग्न म्हणजे मोडलेला यावरून आलेला. आणि भाजकाचा भाजण्याशी काही संबंध नाही, दर वर्षी वर्गात एक तरी पोर तो विनोद करतंच.

अजून एक खडा काढायचा राहिला, 'दहाला अर्ध्याने भाग' म्हणून पाच अपेक्षित असणारे लोक. पाच हवे असतील तर निम्मे कर म्हणा, नाहीतर दोनने भाग म्हणा. दहा भाकऱ्या आहेत, पानावर अर्धी-अर्धी वाढायची, किती पानं होतील? वीस. अर्ध्याने भागणं ते हे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वाचे पाढे पाठ केलेली आमची आजी यात कधी चुकली नसती.

तर तुमच्या सरांना हे एकदा विचारून बघा. पाच म्हणाले तर 'वीस भागाकार चार' सोडून द्या, क्लासच बदला.