दुखण्यातून उठताना बीथोव्हेनचं ‘उपकारस्तुतीचं गीत’ कसं ऐकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोटाच्या ऑपरेशननंतर घरी विश्रांती चालू आहे. बीथोव्हेनने आजारातून उठल्यावर देवाचे आभार मानायला एक रचना केली असं वाचलं, म्हणून ती दोनदा लावली आणि दोन्ही वेळा झोप लागली. ख्याल लहानपणापासून ऐकलाय, ख्रिस्ती नाही. मग ही रचना आपल्यासाठी नाहीच का? आणि याच जातीचं एखादं चित्र असेल तर सांगा.

झोपेचं कारण आधी बघू, कारण ते बहुधा फारच साधं आहे. ही रचना स्वतंत्र नाही, एका मोठ्या रचनेचा खंड आहे. ती मोठी रचना म्हणजे ओपस 132 (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक), ए मायनरमधला स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. त्याचे पाच खंड, मिळून पाऊण तास. तुम्हाला हवा तो तिसरा. पूर्ण क्वार्टेट लावलात तर पहिल्या दोन खंडांतच सतरा-अठरा मिनिटं जातात आणि औषधाच्या गुंगीत माणूस तिसऱ्यापर्यंत पोचतच नाही. यादीतून ‘मोल्तो आदाज्जो’ (Molto adagio, म्हणजे अतिशय संथ) असं लिहिलेला तिसरा ट्रॅकच निवडा. तो पंधरा ते वीस मिनिटांचा असतो. फुकटच्या ॲपवर लावणार असाल तर मध्ये जाहिरात येणार नाही अशी सोय आधी बघा. या संगीतात मध्येच साबणाची जाहिरात आली की सगळं मुसळ केरात.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, इयरफोन लावा. हा नखरा नाही. चेलोचा खालचा एफ हा स्वर 87 हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर तो नीट देतच नाही. हा एफ म्हणजेच या रचनेचा सा. पायाच गेला तर वरचं तरंगतं आणि कान भलताच सा धरतो.

खरी अडचण इथेच आहे. शीर्षकात बीथोव्हेनने स्वतः लिहून ठेवलंय की हे गीत लिडियन स्वरपद्धतीत आहे. पाश्चात्त्य चर्चच्या जुन्या गाण्यात ज्या पद्धती होत्या, त्यातली ही एक. तिचे स्वर म्हणजे पांढरी चारला (पेटीवरचा एफ) सा धरून केलेला कल्याण थाट, म्हणजे तुमच्या यमनचेच सात स्वर. घरात पेटी असेल तर लगेच करून बघा. पांढरी चार दाबा आणि तिथून वरच्या पांढरी चारपर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवा. काळीला हात लागत नाही आणि चौथा स्वर आपोआप तीव्र मध्यम येतो. आता त्याच पट्ट्या पांढरी एकपासून, म्हणजे सीपासून, वाजवा. झाला बिलावल. पट्ट्या त्याच, फक्त सा हलला.

युरोपातल्या श्रोत्याचा कान शंभर-दीडशे वर्षांच्या सवयीमुळे सी हाच सा धरत होता, आणि या रचनेची स्वरसंगतीही पुन्हापुन्हा सीकडे झुकते. मग एफ हा म होतो आणि गाणं जिथे टेकतं तिथेच ते अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. आपल्यातला बराचसा श्रोताही सिनेसंगीताच्या ऑर्केस्ट्रामुळे नकळत तेच करतो. त्याने सगळं सपाट, उगाच लांबवलेलं वाटतं आणि डोळे मिटतात.

उपाय तुमच्या घरातच आहे. तानपुऱ्याचं ॲप पांढरी चारला लावा, पहिली तार पंचम, म्हणजे सीवर. दोन-तीन मिनिटं नुसता तानपुरा ऐका, मनात यमनचा सा पक्का बसू द्या. मग तानपुरा बंद करा आणि ट्रॅक लावा. तानपुरा चालू ठेवून वर क्वार्टेट ऐकायचा मोह होईल. पहिली तीन मिनिटं ते चालतं, कधी कधी फार सुंदर चालतं, पण पुढे फसतं. का ते खाली येईलच. आणखी एक: जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणाऱ्या काही चौकड्या (क्वार्टेट वाजवणारे चौघं) ए हा स्वर 440 ऐवजी 430 हर्ट्झच्या आसपास लावतात. तिथे तानपुराही तेवढा उतरवावा लागतो, नाहीतर बेसूर वाटेल आणि दोष रचनेला द्याल. सुरुवातीला क्वार्टेटो इटालियानो किंवा टाकाच क्वार्टेटचं ध्वनिमुद्रण घ्या. बुश क्वार्टेटचं 1937 सालचं माझ्या मते सगळ्यात खोल आहे, पण त्यातल्या खरखरीची सवय लागायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी नको.

यमनचे स्वर म्हटलं म्हणून यमन शोधू नका. नि रे ग असं चलन नाही, वादी-संवादी नाहीत. थाट आहे, राग नाही. नात्यातला माणूस म्हणून ऐका, तोच माणूस म्हणून नाही.

आता आत काय घडतं ते. हा तिसरा खंड पाच टप्प्यांचा आहे: संथ, चपळ, संथ, चपळ, संथ.

पहिला संथ भाग तीस मापांचा (माप म्हणजे तालाचा एक ठरावीक तुकडा), सव्वातीन मिनिटांच्या आगेमागे. हा कोराल आहे. मंडळी एकत्र गातात तसं, ओळीओळीनं चालणारं साधं उपासनागीत. पाच ओळी, प्रत्येक ओळीत आठ लांब स्वर. प्रत्येक ओळीआधी दोन मापांचा छोटा प्रवेश असतो. त्यात एक वाद्य एक तुकडा म्हणतं, दुसरं तोच उचलतं, मग तिसरं. त्यानंतर चौघं मिळून ओळ म्हणतात. बोटांच्या पेरांवर मोजा: प्रवेश, मग एक ते आठ. पुन्हा प्रवेश, पुन्हा एक ते आठ. असं पाचदा. एकेका स्वराला तीन सेकंद तरी लागतात. पाश्चात्त्य श्रोता या लयीला घाबरतो. विलंबित एकतालात मुरलेल्या माणसाला तिची भीती वाटायचं कारण नाही. इथे तुम्ही त्यांच्या पुढे आहात. अख्ख्या भागात बी फ्लॅट, म्हणजे शुद्ध मध्यम, येत नाही. काही चौकड्या इथे स्वराला कंप देण्यासाठी तारेवरचं बोट मुळीच हलवत नाहीत, त्यामुळे आवाज चर्चमधल्या ऑर्गनसारखा सरळ येतो. सोबत गुणगुणायचं असेल तर दर दोन स्वरांनी श्वास घ्या. पूर्ण ओळ पंचवीस सेकंदांच्या घरात जाते. पोटाचे टाके ताजे असताना दम कोंडून ती म्हणायला जाऊ नका.

मग एकदम सगळं बदलतं. चाल तीन-आठची (एका मापात तीन झटपट ठोके), स्वर डी मेजर, आणि वर बीथोव्हेनची टीप: नवी शक्ती जाणवते आहे. आपल्या भाषेत पांढरी दोनचा बिलावल. गंमत अशी की डी मेजरमध्ये साधा एफ नसतोच, एफ शार्प असतो. म्हणजे तीन मिनिटं ज्याला सा म्हणून धरलं तो स्वरच नाहीसा झाला. तानपुरा चालू ठेवला असेल तर नेमका इथेच तो दातात खडा आल्यासारखा लागतो. बंद करा. या भागात जोरात आणि हळू असे ठोके आलटून पालटून येतात, व्हायोलिन कंप घेतं, उड्या मारतं. बरेच दिवस पडून राहिलेला माणूस पलंगाचा कठडा धरून चार पावलं टाकतो, थांबतो, पुन्हा टाकतो, तशी ही चाल आहे. ती डौलदार नाही आणि तशी असायलाही नको. इयरफोनचा आवाज याच भागावर ठरवून ठेवा. संथ भागावर ठरवलात तर इथे दचकाल.

पुन्हा संथ भाग येतो तेव्हा कोराल वरच्या पट्टीत पहिल्या व्हायोलिनकडे जातो आणि खालची तीन वाद्यं अधिक चाळवाचाळव करतात. पुन्हा नवी शक्ती, या वेळी नक्षी जास्त. आणि मग शेवटचा संथ भाग. तिथे बीथोव्हेनने लिहिलंय की अगदी अंतःकरणापासून वाजवा. पाच ओळींपैकी आता फक्त पहिली उरते. तीच एकाकडून दुसऱ्याकडे फिरते, प्रवेशाचा तुकडा तिच्याभोवती गुंफला जातो, मग एकेका स्वरावर चौघंही इतका जोर देतात की चार वाद्यांची चाळीस वाटावीत. त्यानंतर विरत विरत एफवर थांबतं. सा नीट धरला असेल तर घरी आल्यासारखं वाटेल. नसेल तर वाटेल की आणखी काही यायचं राहिलं. तुमचा सा कुठे बसलाय याची ही चांगली परीक्षा.

पूर्ण ऐकायची ताकद नसेल तर पहिले चार दिवस फक्त पहिली सव्वातीन मिनिटं ऐका. पण थांबायचं झालं तर चपळ भाग लागायच्या आधी थांबा, त्याच्या मध्यात नको.

यामागचं दुखणं असं: 1825 च्या एप्रिलमध्ये बीथोव्हेनला आतड्याच्या दाहाने महिनाभर अंथरुणाला खिळवलं. डॉक्टर अँटोन ब्राउनहोफर यांनी दारू, कॉफी, मसाले सगळं बंद केलं. तुमच्या डिस्चार्जच्या कागदावरही यातलं काही असेलच. मेमध्ये तो व्हिएन्नाजवळच्या बाडेनला हवापालटाला गेला आणि तिथून 13 मे रोजी डॉक्टरांना पत्र पाठवताना त्यात चार आवाजांत गायचा एक विनोद करून पाठवला: डॉक्टर मरणाला दार लावतो, सूरही संकटातून सोडवतो. जर्मनमध्ये सूर आणि संकट या शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा, त्यावरची ही कोटी. क्वार्टेट आधीच सुरू होता. आजारपणानंतर त्यात हा खंड आला. तो तेव्हा जवळजवळ पूर्ण बहिरा होता, त्यामुळे हे संगीत त्याने कानांनी धड ऐकलेलं नाही. 1827 च्या मार्चमध्ये तो गेला, म्हणजे या आभारानंतर त्याला दोन वर्षंही मिळाली नाहीत.

ख्रिस्ती नसल्याचं काय, हा तुमचा दुसरा मुद्दा. शीर्षकाचा अर्थ साधारण असा: दुखण्यातून उठलेल्याने देवत्वाला वाहिलेलं पवित्र आभारगीत. मराठी बायबलमधला ‘उपकारस्तुती’ हा शब्द इथे मला सगळ्यात चपखल वाटतो. शीर्षकात येशूचं नाव नाही, देवत्व असा मोकळा शब्द आहे. चालही कुठल्या गीतसंग्रहातली नाही, बीथोव्हेनची स्वतःची आहे, आणि तिला शब्दच नाहीत. बाप्तिस्मा कॅथलिक, पण नेमाने चर्चला जाणारा हा गडी नव्हे. तरीही साचा पूर्णपणे ख्रिस्ती उपासनेचा आहे, आणि तो समजून घेतला तर रचना अधिक उघडते. त्यासाठी यशयाच्या पुस्तकाचा 38 वा अध्याय वाचा, पाच मिनिटांचं काम आहे. राजा हिज्कीया मरणाच्या दारातून परत येतो आणि गीत लिहितो. त्याच्या गीताचा पहिला अर्धा भाग आभार मुळीच मानत नाही. माझं घर मेंढपाळाच्या राहुटीसारखं उपटलं गेलं, विणकर माग कापतो तसं मला कापलं, अशी तक्रार चालते, आभार नंतर. आणि अध्यायाच्या शेवटी एकदम घरगुती गोष्ट: गळवावर अंजिरांची ढेप बांधा. प्रार्थना आणि पोटीस एकाच पानावर. बीथोव्हेनचा ब्राउनहोफर आणि त्याचा कोराल यांचंही असंच आहे.

राहिलं चित्र. इझेनहाइमची वेदी पाहा, म्हणजे चर्चच्या वेदीवर उभं केलेलं, उघडमिट होणाऱ्या फळ्यांवरचं चित्र. 1512 ते 1516 च्या दरम्यान मथियास ग्र्युनेवाल्डने ती रंगवली, आता ती फ्रान्समधल्या कोल्मार इथल्या उंटरलिंडन संग्रहालयात आहे. ती संत अँथनीच्या नावाच्या मठासाठी केली होती, जिथे ‘अँथनीचा अग्नी’ झालेल्यांची शुश्रूषा होई. राय नावाच्या धान्यावर (मोहरीची राई नव्हे) बुरशी धरायची, त्याची भाकरी खाऊन हातपाय जळाल्यासारखे होत, काळे पडून गळत. आपल्याकडे बाजरीच्या कणसावर येणारा अरगट त्याच कुळातला. बाहेरच्या फळ्यांवर क्रुसावरचा ख्रिस्त आहे आणि त्याच्या अंगभर काटे रुतल्याच्या जखमा आहेत. अशा रोग्यांना त्याच्यासमोर आणत.

2018 ते 2022 मध्ये वेदीची स्वच्छता झाली, म्हणून त्यानंतरचे फोटो शोधा. आधीच्यांत सगळं पिवळट दिसतं. सगळ्यात आतल्या फळ्यांपैकी उजवीकडची मोठी करून बघा. राक्षस अँथनीला केस धरून ओढताहेत. डाव्या खालच्या कोपऱ्यात अंगभर फोड आलेला, पोट फुगलेला एक माणूस पडलाय. बघणाऱ्या रोग्याने त्यात स्वतःला ओळखलंच असणार. आता त्याच फळीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात जा. तिथे कागदाचा एक चिटोरा रंगवलाय, त्यावर लॅटिनमध्ये: कुठे होतास, भल्या येशू, कुठे होतास? माझ्या जखमा बऱ्या करायला का आला नाहीस?