२२ हजारांत आय-सेव्हन? आधी पूर्ण नंबर विचारा

प्रश्न : ताई, मुलगा अकरावीला आहे. त्याला गेमसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो म्हणे. ४५ हजारांपर्यंत तयारी आहे, मॉनिटर घरात आहे. एका दुकानातून कोटेशन आणलं : ‘आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, लायटिंगवाला कॅबिनेट, २२ हजार’. भाचा म्हणतो, ते घेऊ नका, एएमडी कंपनीचा रायझन घ्या. नवं ग्राफिक्स कार्ड दिवाळीला देईन असं पोराला कबूल केलंय. मदरबोर्ड आणि प्रोसेसर कुठला घ्यावा? आमचे खाली टॉवेलचे माग आहेत, कॉम्प्युटर माडीवर राहील.
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : भाऊ, भाच्याला एक चहा पाजा. त्याने तुमचे २२ हजार वाचवलेत.

त्या कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण नंबर नाही, आणि गोम तिथेच आहे. इंटेल कंपनीचे आय-सेव्हन २००८ पासून निघताहेत. या भावात मिळतो तो बहुतेक ३७७० असतो, म्हणजे २०१२ सालचा. कुठल्या तरी ऑफिसच्या जुन्या मशिनमधून काढलेला. त्याच्याखाली नवा दिसणारा एच ६१ बोर्ड बसवतात. रॅम जुन्या पद्धतीची, डीडीआर ३, जी पुढे कुठल्याच नव्या बोर्डात चालणार नाही. २०२२ च्या आय-थ्री १२१०० मध्येही तेवढेच ४ कोअर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) आहेत, पण गेममध्ये तो या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. नाव मोठं असलं तरी दहा वर्षांचं अंतर भरून निघत नाही.

शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, हा ३७७० तिसऱ्या पिढीचा, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू नसेल तर व्हॅलोरंट उघडतच नाही. म्हणजे पोराचा आवडता गेमच अडणार. वर ते २ जीबीचं कार्ड. अशा सेटमध्ये बहुधा जीटी ७३० असतं. गेमसाठी ते नसल्यात जमा.

आता काय घ्यायचं ते. तुमच्या पत्रातलं माझ्या कामाचं वाक्य दिवाळीचं आहे. कार्ड नंतर येणार, म्हणजे तोपर्यंत प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स असायलाच हवं. इथे पुष्कळ जण फसतात. इंटेलच्या नंबरामागे ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही. दोन्ही उत्तम प्रोसेसर आहेत, पण कार्ड नसेल तर स्क्रीन काळी ती काळीच. कार्ड आजच घेणार असता तर मी या दोघांतलाच एक सांगितला असता.

म्हणून तुमच्यासाठी रायझन ५ ५६००जी. ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, कूलर डब्यातच येतो. आतलं व्हेगा ग्राफिक्स त्या जीटी ७३० पेक्षा जोरदार आहे. व्हॅलोरंट फुल एचडीवर मजेत चालेल. जीटीए ५ सेटिंग उतरवून. इंटेलच्या साध्या १२१०० किंवा १२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स येतं, ते व्हेगापुढे कमी पडतं.

मात्र याला एक अट आहे आणि ती सांगितल्याशिवाय दुकानदार पाळत नाही. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. त्यामुळे १६ जीबीची एकच काडी घेऊ नका; ८-८ च्या दोन घ्या, डीडीआर ४, ३२०० च्या. एका काडीवर गेमचा वेग चांगलाच खाली येतो. बोर्डाला चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. आणि जोडून झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्रॅम) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू करून घ्या, नाहीतर ३२०० चे पैसे देऊन रॅम कमी वेगाने पळत राहते.

बोर्डाबद्दल भाचा बहुधा बी ५५० म्हणेल. चुकीचं नाही, पण ऐका. बी ५५० चा मोठा फायदा पीसीआय एक्स्प्रेस ४.० (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता, आकडा मोठा तेवढा वेग जास्त), आणि ५६००जी मुळात ३.० वरच थांबतो. म्हणजे तो फायदा सध्या पडून राहणार. बी ४५० घ्या, चार खाचांचा. फरक हजार-दीड हजाराचाच पडत असेल तर मात्र बी ५५० उचला. पुढे ५६०० किंवा ५७००एक्स टाकाल तेव्हा कामाला येईल. सगळ्यात स्वस्त ए ५२० ही चालतो, पण त्यातले बरेच बोर्ड मला आपल्या गावासाठी पसंत नाहीत. प्रोसेसरच्या कडेला जे वीज सांभाळणारे भाग असतात, व्हीआरएम, त्यांच्यावर धातूची हीटसिंक नसते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला टेकतो आणि पत्र्याखालच्या माडीवर त्याहून वाईट. पुण्याच्या थंड खोलीत जे खपून जातं ते इथे दुपारी तीनला खपत नाही. हीटसिंक डोळ्यांनी बघून बोर्ड घ्या. डब्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ चं स्टिकर आहे का तेही बघा.

कॅबिनेट पुढून काचेचा नको, जाळीचा हवा. तुमच्याकडे सुताची तूस उडणार, ती पंख्यात आणि कूलरच्या पात्यांत गादीसारखी बसते. जाळी काढून झटकता येईल असा फिल्टर बघा आणि पोराला महिन्यातून एकदा ते काम लावा, गेमच्या बदल्यात. मागांच्या मोटारी ज्या लाइनवर आहेत त्या लाइनवर कॉम्प्युटर लावू नका. माग सुरू होताना व्होल्टेज पडतं. वायरमनकडून वेगळी लाइन ओढून घ्या, अर्थिंग तपासा, छोटा यूपीएस ठेवा. आणि कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) परत करा. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवणारा दर्जा) घ्या, म्हणजे दिवाळीला बदलावा लागणार नाही.

दिवाळीच्या कार्डाचं आताच सांगून ठेवते : आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, घेऊ नका. ते त्या रस्त्याच्या चारच लेनवर (पदरांवर) चालतं, त्यामुळे पीसीआय एक्स्प्रेस ३.० वर त्याचा दम जातो. आरएक्स ६६०० आठ लेनचं आहे, ते तुमच्या बोर्डावर नीट चालेल.

कुणी एएम ५ (एएमडीचा नवा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) सुचवेल. पुढच्या दृष्टीने ते बरोबर आहे, पण त्याला डीडीआर ५ च लागते आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की ४५ हजारांत ओढाताण होईल. नवी पेठेत दोन-तीन दुकानांतून कोटेशन घ्या, त्यावर प्रत्येक वस्तूचा पूर्ण नंबर लिहून मागा. जो लिहून देणार नाही त्याच्याकडे घेऊ नका. पक्कं बिलही घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

प्रश्न : मॅडम, जुना बी ४५० बोर्ड घेतला, त्यावर नवा रायझन ५ ५६०० बसवला. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. बोर्ड गेला का?
– एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : लगेच बोर्डावर खापर फोडू नकोस. एचडीएमआयची केबल बोर्डाला लावलीयस का? वर लिहिलंय ते वाच, ५६०० ला ग्राफिक्स नाही. केबल कार्डाला लाव. तरी आलं नाही तर बायोस जुना असणार, तो नवा प्रोसेसर ओळखत नाही. बोर्डाच्या मागे फ्लॅशचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून घरीच अपडेट होईल, कंपनीच्या साइटवर तुझ्याच मॉडेलची फाइल घे. बटण नसेल तर दुकानात जुना रायझन बसवून करून देतात. प्रोसेसर काढताना आधी कूलर थोडा पिळून सैल कर, सरळ वर ओढू नकोस. एएम ४ च्या, म्हणजे तुझ्या बोर्डाच्या सॉकेटच्या, पिना प्रोसेसरलाच असतात; पेस्ट चिकटलेली असली की तो सॉकेटमधून उपटून कूलरबरोबरच वर येतो आणि पिना वाकतात.